टाचेची उंची

या, अशा जवळ येऊन बसा. मागे भिंतीला टेकून बसलात तर ऐकू येईल, पण पोचणार नाही. आज एक गोष्ट सांगते. देवाधर्माची नाही, माणसांचीच आहे. पण जन्मभर कीर्तनाला पुढच्या रांगेत बसून माझा कान असा झालाय की चांगल्या माणसाची गोष्ट निघाली की मला मागे टाळ ऐकू येतात. गोष्टीत एक पाय आहे, एक बूट आहे आणि एक शून्य आहे. एवढी तीन लक्षात ठेवलीत की बाकीचं मी सांभाळते.

माझा भाऊ सुतार. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, चालायला लागली तीच हातात बापाची टेप घेऊन. मांजराची शेपटी मोज, पोळीचा घेर मोज, पाहुण्यांच्या मिशा मोज. एकदा शेजारच्या आजोबांच्या टकलाला टेप लावताना सापडली, तेव्हापासून तिचं नाव पडलं इंचू. शाळेच्या दाखल्यावर दुसरं काही आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती स्वतःच वळून बघत नाही.

आता आमच्या ह्यांचं सांगते. माझ्या यजमानांचा डावा पाय कारखान्यात गेला, गुडघ्याखाली. शहरातल्या मोठ्या ठिकाणाहून त्यांना लावायचा पाय करून आणला. दिसायला देखणा, अगदी खऱ्यासारखा. आठ दिवस घातला आणि नवव्या दिवशी दारामागच्या खुंटीला टांगला, तो तिथेच राहिला. म्हणायचे, हा पाय मला मागे ढकलतो, सपाट फरशीवर चढ चढल्यासारखं वाटतं. मग कुबड्या घेतल्या. कुणी विचारलं तर हसून सांगायचे की पाय चांगलाच आहे, माझीच त्याच्यावर राहायची लायकी नाही. हसायचे, पण कीर्तनाला यायचे बंद झाले. गर्दीत कुबड्यांचा लोकांना त्रास नको म्हणून.

इंचू नऊ वर्षांची असेल. एक दिवस खुर्चीवर चढून तिने तो टांगलेला पाय मोजला, मग ह्यांचा चांगला पाय मोजला, आणि विचारलं, "काका, लांबी तर बरोबर आहे. मग का नाही घालत?" ह्यांनी तिला खुर्चीवरून उतरवलं. पोरगी मात्र तो प्रश्न उराशी धरून मोठी झाली.

म्हणूनच कॉलेजात गेल्यावर तिने पाय बनवायचं शिक्षण निवडलं. हुशार होती, शिष्यवृत्ती मिळाली, थेट परदेशातल्या कॉलेजची. दोन वर्षांचा अभ्यास. पण कागदावर एक अट होती: पहिल्या वर्षाची प्रत्येक परीक्षा पहिल्या फटक्यात पास व्हायची. एकीत जरी अडकली तरी पहिलं वर्ष पुरं करून परत यायचं, दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती बंद. माझ्या भावाने तो कागद तीन वेळा वाचला आणि रंध्याकडे बघत बसून राहिला. इंचू म्हणाली, "बाबा, मापात मी चुकते का कधी?"

दर रविवारी ती मला फोन करायची. तिकडची खोली मी फोनवरच पाहिली. दोन पलंग, एक खिडकी, खिडकीखाली सायकलींचं अंगण. सोबतीला आपल्याकडचीच एक मुलगी, त्याच वर्गातली. तिला इंचू वकीलबाई म्हणायची, कारण ती चहात साखर किती ह्यावरही बाजू मांडायची. दोघी पहिल्या दिवसापासून चपला-बूट दाराबाहेर काढायच्या. शेजारची मुलं त्यांना अडखळायला लागली. इमारतीच्या रखवालदाराने दारावर चिठ्ठी चिकटवली. वकीलबाईंनी त्याच्याशी अर्धा तास वाद घातला, त्यातली निम्मी वाक्यं त्याला कळली नाहीत आणि निम्मी तिला. शेवटी बूट दाराच्या आत, जुन्या वर्तमानपत्रावर आले. पण खोलीत बूट घालून पाऊल टाकायचं नाही हा कायदा काही हलला नाही. वर्गातली मुलं भेटायला आली की मोजे सावरत दारात एका पायावर नाचायची, आणि ह्या दोघी हसायच्या.

पोरींचे हाल काही कमी नव्हते. पहिले दोन महिने शिक्षकांचं बोलणं डोक्यावरून जायचं. इंचू बसमध्ये पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरचं आणि म्हाताऱ्या बायकांचं बोलणं ऐकायची, तेवढाच कानाला सराव. साच्यांच्या प्लास्टरने हात फुटले. एकदा फोनवर बोलताना ती मध्येच गप्प झाली. मी विचारलं, काय गं, तर म्हणाली काही नाही आत्या, तुमच्याकडे मागे कुकरची शिट्टी झाली ना, ती ऐकत होते.

त्या कॉलेजची एक पद्धत होती, ती ऐकून मी हात जोडले होते. मुलं नुसती पुस्तकावर शिकत नसत. गावातली पाय गेलेली काही माणसं आपणहून येत आणि म्हणत, आमच्यावर शिका. त्यांची एक यादी होती. शिकाऊ पोरं त्यांची मापं घेणार, साचे काढणार, वेडेवाकडे पाय करणार, आणि ही माणसं ते पाय घालून उभी राहणार, धडपडणार, टोचतंय कुठे ते सांगणार. पुन्हा पुढच्या महिन्यात हजर.

त्यातलेच एक टपालआजोबा. हे नाव ह्या पोरींनी आपसात ठेवलेलं. चाळीस वर्षं खांद्यावर पिशवी टाकून गावभर पत्रं वाटली, मग साखरेच्या दुखण्याने उजवा पाय गुडघ्याखाली गेला. बायको आधीच गेली होती. अकरा वर्षं ते कॉलेजात येत होते. चौऱ्याहत्तर वय, पण गुळगुळीत दाढी, पॉलिश केलेले काळे बूट, आणि येताना वर्गातल्या प्रत्येक मुलाला नावाने नमस्कार. परक्या देशांतली ती अवघड नावं ते अचूक म्हणायचे. म्हणायचे, टपालवाल्याला नाव चुकवता येत नाही.

एकदा त्यांनी दोघींना चहाला बोलावलं. दारात दोघींनी सवयीने बूट काढले. आजोबा बघत राहिले, मग म्हणाले, माझ्या घराला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता. पण स्वतःचे बूट काही त्यांनी काढले नाहीत. तिकडे माणूस उठल्यापासून निजेपर्यंत बुटातच. मग त्यांनी एक कपाट उघडलं. आत कपडे नाहीत, पाय. सव्वीस पाय, ओळीने टांगलेले. अकरा वर्षांत मुलांनी शिकता शिकता केलेले. प्रत्येकाला दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर त्या त्या मुलाने आपल्या हाताने लिहिलेली आपली चूक. ज्याच्या त्याच्या भाषेत. निम्म्या लिप्या आजोबांना वाचता येत नव्हत्या, पण कुठल्या चिठ्ठीत काय आहे ते सगळं पाठ. हा बोटभर आखूड. ह्याची वाटी, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती, घट्ट. हिने डाव्या पायाचं पाऊल उजव्याला लावलं होतं, आता ती तिच्या गावातली मोठी कारागीर आहे. हे सांगताना आजोबांचा चेहरा असा, की जणू नातवंडांची बक्षिसं दाखवतायत.

वकीलबाईंनी विचारलं, इतक्यांदा पडायचा कंटाळा नाही येत का. तेव्हा आजोबांनी एक गोष्ट सांगितली. गेल्या वर्षी ते एका नव्या पायावरून पडले होते. चूक त्यांचीच, पट्टा नीट लावला नव्हता. कॉलेजने नोंद केली आणि पत्र पाठवलं: वय झालंय, पुन्हा एकदा जरी आपल्या बाजूने हयगय झाली तर यादीतून नाव काढावं लागेल. पत्र त्यांनी कपाटातच आतल्या बाजूला चिकटवून ठेवलं होतं.

"महिन्यातून दोनदा मी दाढी करून बाहेर पडतो," आजोबा म्हणाले. "ते त्या यादीमुळे. नाहीतर कशाला आणि कुठे?"

इंचूने मला हे सांगितलं तेव्हा आमचे हे बाजूलाच बसले होते. खुंटीकडे एकदा बघितलं आणि कुबड्या ओढून उठले.

वर्ष संपत आलं आणि मोठी परीक्षा आली. माप घेण्यापासून माणूस चालवण्यापर्यंत सगळं एकट्याने करायचं, तीन आठवड्यांत. शिक्षकांनी मध्ये पडायचं नाही, आणि ज्याच्यासाठी पाय करायचा त्यानेही मापाबद्दल ब्र काढायचा नाही. टोचतंय, दुखतंय एवढंच बोलायचं. चिठ्ठ्या टाकल्या. इंचूच्या वाट्याला टपालआजोबा आले. तिचा जीव भांड्यात पडला. मलाही वाटलं, देव पावला.

आता मापाच्या दिवशी काय झालं ते नीट ऐका, कारण गोष्ट तिथेच वळते.

आजोबा आले, खुर्चीवर बसले. इंचू खाली फरशीवर बसली. चांगल्या पायाची उंची मोजायची, गुडघ्यापासून जमिनीपर्यंत, आणि त्यावरून दुसरा पाय बेतायचा. तिने आजोबांचं पाऊल मांडीवर घ्यायला हात पुढे केला आणि तिला वाटलं, हे काय, पायात बूट आहेत. वडीलधाऱ्या माणसाच्या पायाला हात लावायचा, तो असा कातड्यावरून? तिने अदबीने सांगितलं, बूट काढता का. आजोबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग वाकून नाडी सोडली आणि बूट खुर्चीखाली सारला. इंचूने पाऊल दोन्ही हातांत धरलं, जमिनीवर नीट टेकवलं आणि केसाइतकाही फरक न पडू देता माप घेतलं. कागदावर एक रकाना होता: टाचेची उंची. वर्गात सराव करताना तो रकाना शिकवणाऱ्या कारागिराने आधीच भरलेला असायचा, त्यामुळे ह्या पोरीने कधी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. आता तो कोरा होता. अनवाणी पायाला कसली आली टाच? तिने लिहिलं, शून्य.

तुम्हाला वाटेल, ह्यात काय बिघडलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण लावायच्या पायाचं पाऊल आपल्यासारखं घोट्यात वळत नाही. ते ज्या टाचेसाठी बसवलं त्याच टाचेवर सरळ उभं राहतं. सपाट जमिनीसाठी बसवलेला पाय टाचेच्या बुटात घातला की सगळी नडगी पुढे कलते, आणि माणूस सपाट जागेवर उतार उतरायला लागतो. तिकडच्या कुठल्याही पोराच्या हातून ही चूक झाली नसती, कारण माप घेताना बूट काढावा हे त्यांच्या मनातच येत नाही. आपल्या पोरीच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

तीन आठवडे तिने जीव ओतला. मध्ये आजोबांनी नुसती वाटी घालून बघायची, पायावर उभं राहायचं ते थेट परीक्षेच्या दिवशी. वाटी अशी घोटली की आतून हात फिरवला तर रेशमासारखी. वकीलबाई म्हणाली, मला दोन्ही पाय आहेत ह्याचं आज वाईट वाटतंय.

परीक्षेचा दिवस. लांबट खोली, मधोमध कंबरेइतक्या उंचीचे दोन कठडे, त्यांच्यामधून चालायचं. एका टोकाला मोठ्या बाई, म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. शेजारी बाहेरून आलेले परीक्षक, हातात नोंदवही. प्रत्येक परीक्षार्थीला एक मदतनीस मिळायचा, इंचूची मदतनीस वकीलबाई. आजोबा आले. तीच दाढी, तेच काळे बूट, जाड टाचेचे. इंचूने पाय चढवून दिला, पट्टा लावला. आजोबांनी बूट घातला आणि उभे राहिले.

उभे राहतानाच इंचूला दिसलं. गुडघा पुढे आला होता. आजोबांनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला गुडघा दुमडला आणि ते दोन्ही हातांनी कठड्यावर लोंबकळले. इंचूची नजर बुटाच्या टाचेवर गेली, तिथून कागदावरच्या रकान्यावर गेली, आणि पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तिला त्या सपाट खोलीत कळलं.

परीक्षकांनी विचारलं, काय झालं.

ती तोंड उघडणार तेवढ्यात आजोबाच बोलले. "चूक माझी आहे. मी एरवी सपाट तळव्याचे बूट घालतो. आज हे टाचेचे घालून आलो. मुलीला सांगायचं राहून गेलं."

परीक्षकांनी मान डोलावली आणि वही उघडून आजोबांच्या नावापुढे लिहायला घेतलं. मुलीला वेळ वाढवून द्यावा म्हणाले. चार स्क्रू फिरवून ती पाऊल कलतं करू शकते, मार्क कापायचं कारण नाही.

बघा आता, काय तराजू लागला तो. इंचू गप्प राहिली तर पास. दुसरं वर्ष तिचं. बापाने तीनदा वाचलेला तो कागद शाबूत. आणि आजोबांच्या नावापुढे दुसरी हयगय, म्हणजे यादीतून नाव गेलं. महिन्यातून दोनदा दाढी करायचं कारण गेलं. हे त्यांना ठाऊक होतं. स्वतःच तर दाखवलं होतं ते पत्र. आणि तरी ते कठड्याला धरून शांतपणे उभे होते.

वकीलबाई जवळ सरकली आणि आपल्या भाषेत पुटपुटली, "गप्प बस. ते स्वतः म्हणतायत ना." तिचाही दोष नाही हो. मैत्रिणीसाठीच जीव तुटत होता तिचा. रोज बाजू मांडणारी पोरगी, आज तिने एवढीच बाजू मांडली.

इंचू म्हणते, आत्या, मी किती वेळ गप्प होते ते मला माहीत नाही. मापात कधी न चुकणारी मुलगी, तेवढं एक माप तिला घेता आलं नाही. मग ती परीक्षकांसमोर गेली.

"मापाच्या दिवशीही ते हेच बूट घालून आले होते," ती म्हणाली. "मीच काढायला लावले. रकान्यात शून्य मीच लिहिलंय. त्यांच्या नावापुढे काही लिहू नका."

परीक्षकांचं पेन थांबलं. मोठ्या बाई पहिल्यांदा उठून पुढे आल्या. इंचूला त्यांनी काहीच विचारलं नाही. कागद हातात घेतला, रकाना पाहिला आणि आजोबांकडे वळल्या. "तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं."

"परीक्षेत आम्ही बोलायचं नाही, हा नियम तुमचा," आजोबा म्हणाले.

"मग आज का बोललात?"

आजोबा हळूच खुर्चीवर बसले. म्हणाले, "चाळीस वर्षांत मी एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. त्या दिवशी डोळ्यांदेखत टाकलं जाताना पाहिलं आणि नियमासाठी गप्प बसलो. तीन आठवडे मला चैन नाही. आणि खरं सांगू का, बाई, तुमच्या इथे अकरा वर्षं येतोय. माझा पाय मांडीवर घेण्याआधी बूट काढा म्हणणारी ही पहिलीच. तिला त्या क्षणी चुकलीस म्हणून सांगायला मला नियम नसता तरी जमलं नसतं."

मोठ्या बाईंनी परीक्षकांच्या हातून वही घेतली आणि आजोबांच्या नावापुढची अर्धी ओळ स्वतः खोडली. मग इंचूला म्हणाल्या, "माप नापास. वाटी मी आजवर पाहिलेल्या शिकाऊंच्या वाट्यांमध्ये उत्तम. दोन्ही गोष्टी मी लिहिणार आहे." आणि त्यांनी तशाच्या तशा लिहिल्या, एकीखाली एक.

माप नापास, म्हणून पाय पहिल्यापासून नवा करायचा होता. पंधरा दिवसांनी तिने पुन्हा माप घेतलं. ह्या वेळी बुटासकट, बूट मांडीवर घेऊन. नवा पाय झाल्यावर आजोबा त्याच्यावर कठडे न धरता चालले, खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तसेच चालत घरी गेले. पहिला पाय कपाटात गेला. सत्ताविसावा. इंचूने चिठ्ठी लिहिली, आपल्या मराठीत: मी बूट काढायला लावले. आजोबांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि तिच्याकडून तीन वेळा म्हणून घेऊन पाठ केलं. वकीलबाईंनी त्यांचे उच्चार सुधारून दिले.

पण अट ती अट. पहिल्या फटक्यात पास नाही, म्हणून दुसरं वर्ष बंद. निघायच्या दिवशी वकीलबाईंनी तिची बॅग भरली आणि बसस्टॉपपर्यंत एक अक्षर बोलली नाही. बस आल्यावर म्हणाली, "मी त्या दिवशी तुला गप्प बस म्हणाले, ते कुणाला सांगू नकोस." इंचूने सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी वकीलबाईंनीच फोन करून मला सांगितलं. अशी ती पोरगी.

इंचू परत आली. विमानतळावरून आधी आमच्याकडे. दारात बूट काढले, हातपाय धुतले, आणि मी चहा टाकेपर्यंत ही दारामागे गेली. खुंटीवरचा पाय काढला, धूळ पुसली, स्वयंपाकघराच्या फरशीवर उभा करून सोडला. पाय मागे कलला आणि पडला. तिने पुन्हा उभा केला. पुन्हा मागे. मग ती धावत बापाच्या जवळच्याच सुतारकामाच्या शेडमध्ये गेली, लाकडाची एक चपटी ढलपी घेऊन आली, अंगठ्याएवढी जाड, आणि ती त्या पायाच्या टाचेखाली सरकवली.

पाय उभा राहिला. एकटा, सरळ, काही न धरता. स्वयंपाकघराच्या मधोमध.

माझा चहा उतू गेला. इंचू खालीच बसली होती. ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "काका, हा पाय बुटासाठी केलाय. टाचेच्या बुटासाठी. तुम्ही घरात अनवाणी, बाहेर सपाट चपलेत. तुम्हाला कुणी विचारलंच नाही."

हे कुबड्या टेकत त्या ढलपीजवळ आले. मग म्हणाले, "अठरा वर्षं मला वाटत होतं, माझंच चुकतंय."

तिकडे बसून जिने अनवाणी पायाचं माप घेतलं तिला नापास केलं, आणि इकडे बसून कुणी तरी बुटाचं माप धरलं त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. चूक तीच, उलट्या बाजूने. फरक एवढाच की एक जण म्हणाली, माझी आहे.

आता इंचू इथल्या इस्पितळात पाय करण्याच्या खोलीत काम करते, मदतनीस म्हणून. मोठ्या बाईंच्या त्या दोन ओळींच्या कागदावर तिला घेतलं. तिथल्या साहेबांनी आधी पहिली ओळ वाचून भुवई वर केली, मग दुसरी वाचली, मग म्हणाले उद्यापासून या. तिने पहिला पाय केला तो ह्यांचा. माप घेताना विचारलं, काका, पायात काय असतं, आणि ह्यांनी कोपऱ्यातल्या झिजलेल्या चपला दाखवल्या. कुठेही कमी-जास्त नाहीत, सपाट. टाचेच्या रकान्यात तिने लिहिलं, शून्य. लिहिताना हसली म्हणे. दुसरं वर्ष राहिलंय तिचं. जाईल, देवाच्या मनात असेल तेव्हा जाईल. अर्ज तर तिने पुन्हा टाकलाय.

आणि हे परवा कीर्तनाला आले. कुबड्या नाहीत, हातात नुसती काठी, तीही शोभेला. देवळाच्या पायरीशी चपला काढल्या, दोन्ही, एक खऱ्या पायातली आणि एक इंचूने केलेल्या पायातली, आणि अनवाणी आत येऊन पुढच्या रांगेत माझ्या शेजारी नाही, पुरुषांच्या बाजूला, पण मला दिसतील असे बसले. बुवांनी काय निरूपण केलं मला विचारू नका. मी पहिल्यांदाच कीर्तनात लक्ष दिलं नाही.

टपालआजोबांचं पत्र आलं होतं. यादीत नाव आहे, अठ्ठाविसावा पाय वाटी घट्ट म्हणून टोचतो, करणारा मुलगा फार गुणी आहे. खाली एक ओळ वेड्यावाकड्या अक्षरांत, आपल्या मराठीत. चिठ्ठीवरून बघून बघून काढलेली: मी बूट काढायला लावले. इंचूने ती चौकटीत लावलीय, बापाने चौकट करून दिली.

माझी गोष्ट संपली. दक्षिणा काही नको, एकच मागणं आहे. इथून पुढे कधी देवळाच्या दारात चपला काढायला वाकलात, तर वाकल्या वाकल्या त्या म्हाताऱ्याची आठवण काढा. नाव नाही का ठाऊक, राहू दे. कुठल्याशा गावात एक टपालवाला आहे, दाढी करून, बूट पॉलिश करून निघालाय, कुणाच्या तरी पोराला शिकता यावं म्हणून पुन्हा एकदा पडायला. त्याला सुखरूप घरी पोचव, एवढं माझ्या वतीने देवाला सांगा.